चुलीचा आणि दिव्याचा खर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरून कोणी पाहुण्या बाई बोलावयास येतात. यंदा कार्यकारी मंडळाने ठरविले की, आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण गेली तीन वर्षे मंडळाच्या पेटीची वही माझ्याकडे आहे. त्या वहीत गॅसच्या टाक्या आणि विजेची बिले याखेरीज फारसे काही नाही. तेव्हा त्याविषयीच बोलते. विषय रुक्ष आहे खरा, पण हळदीकुंकवाला जमलो तरी वाण लुटून झाल्यावर आपण शेवटी याच गोष्टीवर येतो.

माझे माहेर मंगळवेढ्याकडचे. आईची चूल तुराट्यांवर आणि शेणींवर चाले. उन्हाळ्यात वर्षाचे जळण रचून ठेवायचे, वर पत्रा टाकायचा, आणि पावसाळाभर त्यातून काढायचे. त्या जळणाला रोख पैसा पडत नसे. कष्ट पडत, डोळ्यांतून पाणी वाहे, आणि चाळिशीतच आईला खोकला लागला तो लागलाच. म्हणून मी त्या चुलीचे गुणगान करणार नाही. जुने ते सोने म्हणणाऱ्यांनी एकदा आषाढात ओल्या तुराट्या फुंकून पाहाव्यात.

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा आमच्या घरी स्टोव्ह होता. रॉकेल रेशनवर मिळे, आणि कमी पडले तर बाटलीने विकत आणता येई. वखारीतून लाकडाची मोळी आणता येई. हातात वीस रुपये असले तर वीस रुपयांचे जळण येई. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे. गॅसची टाकी वीस रुपयांची मिळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत १४.२ किलोच्या घरगुती टाकीचा भाव ८५२ रुपये ५० पैसे होता. आपल्याकडे वाहतुकीचे थोडे वरचढच पडतात. आणि हे सारे पैसे एकदम, टाकी दारात आली की. विड्या वळणाऱ्या बाईला मजुरी आठवड्याची. धुण्याभांड्याची कामे करणारीला महिन्याचे पैसे तीन-चार घरांतून, तेही निरनिराळ्या तारखांना. तिच्या हाती साडेआठशे रुपये एकगठ्ठा असतात कधी? वर्षाच्या हिशेबाने पाहिले तर गॅस तिला कदाचित लाकडापेक्षा महाग पडतही नसेल. पण वर्ष काही तिच्या हातात येत नाही, तिच्या हातात शनिवार येतो.

आता सरकारकडून काय मदत मिळते ते सांगते, कारण पुष्कळजणींच्या मनात त्याचा गोंधळ आहे. शेजारणीला मिळते, मला का नाही, असे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारते.

पूर्वी सवलतीच्या टाक्या हव्या तितक्या मिळत. सप्टेंबर २०१२ मध्ये त्या वर्षाला ६ वर आणल्या. ओरड झाली तेव्हा जानेवारी २०१३ मध्ये ९ केल्या आणि २०१४ च्या आरंभी १२. जानेवारी २०१५ पासून देशभर अशी रीत झाली की, टाकी पूर्ण भावाने घ्यायची आणि सवलतीचे पैसे मागाहून बँकेत जमा व्हायचे. पुढे २०२० च्या उन्हाळ्यापासून सर्वसाधारण घरांना ते पैसे येणे बहुतेक थांबले. तुमच्या-माझ्या पुस्तकात त्यानंतर काही दिसत नाही, ते बँकेने गिळले असे नव्हे.

दुसरी ती उज्ज्वला. ती १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलिया येथे सुरू झाली. गरीब घरातल्या प्रौढ बाईच्या नावाने जोडणी, अनामत रक्कम भरावी लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा दुसरा टप्पा निघाला, त्यात शेगडी आणि पहिली टाकीही फुकट होती. या जोडण्या असलेल्या बायकांना मे २०२२ पासून दर टाकीमागे २०० रुपये, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये खात्यावर देण्याचे ठरले. आरंभी वर्षाला १२ टाक्यांपर्यंत, आणि २०२५-२६ या वर्षासाठी ९ टाक्यांपर्यंत.

तिसरी आपल्या राज्याची. २०२४ साली मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना निघाली. उज्ज्वलाच्या बायकांना आणि लाडकी बहीण योजनेत बसणाऱ्या घरांना वर्षाला ३ टाक्या मोफत. मोफत म्हणजे दारात फुकट टाकी असे नव्हे, पैसे आधी आपणच मोजायचे, ते नंतर खात्यावर परत. आणि अट अशी की, जोडणी बाईच्या नावावर हवी.

ही अट ऐकून आपल्या गल्लीत बरीच धांदल उडाली होती, आठवते ना? कोणाची जोडणी सासऱ्यांच्या नावाने, कोणाची दिरांच्या नावाने, एकीची तर जुन्या घरमालकाच्या नावाने निघाली. चार घरांत त्यावरून कुरबूर झाली. एका आजोबांनी सांगितले, "मी जिवंत असताना माझे नाव कशाला काढता?" मी म्हणते, आजोबांचे नाव घराच्या पाटीवर सुखाने राहो. शेगडीपुढे ज्या बाईचा जन्म जातो, टाकीच्या पुस्तकावर तिचे नाव असायला काय हरकत आहे? घरातल्या पुरुषांनी याला मानापमानाचा प्रश्न करू नये.

पण नाव असून, योजना असूनही पैसे हाती येतातच असे नाही. याचे एक उदाहरण सांगते. आमच्या शेजारी एक अक्का राहतात. एकट्या, विड्या वळतात. त्यांना उज्ज्वलाची जोडणी मिळून वर्षे झाली. पण शेगडी आपली आरशासारखी लख्ख. का? तर त्या गॅसवर फक्त सकाळचा चहा करीत आणि पावसाच्या दिवशी भात. बाकी सारे मागच्या दाराच्या चुलीवर. एक टाकी साडेतीन महिने पुरवीत. मी एकदा म्हटले, "अक्का, धुराने डोळे सुजलेत तुमचे. गॅसवर करा की भाकरी."

त्या म्हणाल्या, "भाकरीला जाळ किती लागतो तुला माहीत आहे ना? टाकी संपली तर आणू कशाने?"

"सवलत येते ना तुम्हांला?"

"कुठली सवलत? मला एक पैसासुद्धा आला नाही कधी."

त्यांचे बँकेचे पुस्तक पाहिले, खरेच काही जमा नव्हते. मग आम्ही दोघी निघालो. एका ठिकाणी सांगितले, आज यंत्र बंद आहे. दुसऱ्या वेळी सांगितले, साहेब रजेवर आहेत. तिसऱ्या वेळी अक्कांचे बोट त्या छोट्या यंत्रावर ठेवले तर ठसा उमटेना. तीस वर्षे तेंदूच्या पानावर आणि तंबाखूवर चाललेली बोटे ती, त्यांवर रेषा राहणार कुठून? खिडकीतला मुलगा म्हणाला, "आजी, हात धुऊन या." अक्का तशाच उठल्या आणि घरी जायला निघाल्या. मी त्यांना पायरीवर बसविले. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका मुलीने सांगितले की, गॅस कंपनीच्या मोबाइलवरील ॲपमध्ये चेहरा दाखवूनही ही ओळख पटविता येते. तिनेच ती तिच्या मोबाइलवर करून दिली. देव तिचे भले करो, नावही विचारायचे राहिले.

आणि पैसे कुठे होते म्हणाल, तर दुसऱ्याच एका बँकेत. काही वर्षांपूर्वी कोणीतरी गल्लीत येऊन बायकांची शून्य रकमेची खाती उघडून दिली होती. अक्कांनी तिथे अंगठा दिला होता आणि विसरून गेल्या होत्या. सरकारी पैसा आपण दाखविलेल्या पुस्तकात जात नाही. आधार क्रमांक ज्या खात्याला शेवटी जोडला असेल, त्या खात्यात जातो. हे कोणी त्यांना सांगितलेच नव्हते. त्या विसरलेल्या खात्यात २०० च्या ५ रकमा आणि ३०० च्या ४ रकमा, असे २,२०० रुपये पडून होते. अक्का ते पैसे हातात धरून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढे दिवस मी चुलीपाशी बसले होते, आणि हे इथे बसले होते होय!"

तेव्हा भगिनींनो, ज्यांना पैसे येत नाहीत त्यांनी नशिबाला बोल लावण्याआधी आपला आधार कोणत्या बँकेला जोडला आहे ते पाहावे. आधारच्या संकेतस्थळावर ते दिसते. कोणाच्याही कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, दोन मिनिटांचे काम आहे. मात्र मोबाइलवर येणारा सहा आकडी क्रमांक परक्याला सांगू नका. आणि उज्ज्वलाच्या बायकांना एक गोष्ट आवर्जून सांगते. ५ किलोची लहान टाकीही घेता येते आणि तिच्यावरही त्या प्रमाणात सवलत मिळते. जिला एकदम साडेआठशे जमत नाहीत, तिला लहान टाकी सोयीची. हे एजन्सीत आपण होऊन कोणी सांगत नाही, विचारावे लागते.

आता दिव्याकडे येते.

विजेच्या बिलाची एक खुबी आहे. आपल्याकडे दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली १०० युनिटे स्वस्त, त्यापुढची ३०० पर्यंतची जवळजवळ दुप्पट दराने, आणि त्याच्यावर आणखी महाग. एप्रिल २०२४ पासूनच्या वर्षात पहिल्या टप्प्याला वहन आकार धरून युनिटला ५ रुपये ८८ पैसे पडत होते, दुसऱ्या टप्प्याला ११ रुपये ४६ पैसे. शिवाय स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क वेगळे. दर पुढे बदलले, टप्प्यांची रीत तीच आहे.

यात सर्वांत भरडली जाते ती भाडेकरू. आपल्या भागात एका मीटरवर दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडे आहेत. समजा, दोन बिऱ्हाडे, दोघींची प्रत्येकी ९० युनिटे. निरनिराळी मीटरे असती तर दोघीही शंभराच्या आत, आणि त्या वर्षाच्या दराने दोघींचे मिळून १,०५८ रुपये. एकाच मीटरवर ती १८० युनिटे झाली की वरची ८० महाग दराने, म्हणजे १,५०५ रुपये. सुमारे ४५० रुपयांचा फरक. दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार भरला तरी तीनशेच्या वर दर महिन्याला वाचतात. वीज कोणी जास्त वापरली नाही, चैन कोणी केली नाही, नुसते एका मीटरवर आहेत म्हणून हा दंड. पुन्हा काही घरमालक आपला वेगळा भाव लावतात तो निराळाच. आणि दारिद्र्यरेषेखालील घरांना जो अगदी कमी दर आहे, वर्षाला ३६० युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांना, तोही अशा बिऱ्हाडाला मिळत नाही, कारण कागदावर ते बिऱ्हाडच नाही.

पण कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या ४३ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की, जागेचा मालक किंवा तेथे राहणारा, यांपैकी कोणीही अर्ज केला तरी वीज दिली पाहिजे. राहत असल्याचा पुरावा मात्र लागतो, आणि तिथेच घरमालकाशी गाठ पडते. माझे सांगणे असे की, घरमालकिणींनीच मन मोठे करावे. या सभेत पाचसहाजणी घरमालकीण आहेत, नावे घेत नाही, त्या ऐकत आहेत. भाडेपावती दिल्याने घर कोणाच्या नावावर होत नाही.

वीज तोडण्याविषयीही नियम आहे. गेल्या फेब्रुवारीत आपल्या एका भगिनीकडे बिल थकले म्हणून तार काढून नेली. घरात दहावीची मुलगी, परीक्षा तोंडावर. पोरगी चार दिवस रस्त्यावरच्या दिव्याखाली आणि मग देवळाच्या ओसरीवर बसून अभ्यास करीत होती. लोक कौतुक करीत होते, किती जिद्दीची मुलगी म्हणून. मला त्या कौतुकाची चीड आली. परीक्षेच्या दिवसांत मुलीने ओसरीवर का बसावे?

त्याच कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हल्ली ती मोबाइलवरही येते, म्हणून बिलावर आपला चालू नंबर असू द्यावा. जुना, बंद पडलेला नको. बिलाविषयी तक्रार असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली जी कमी ती तक्रार नोंदवून भरली तर वीज तोडता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची थकबाकी मध्येच उकरून काढता येत नाही, ती दर बिलात दाखवीत आले असतील तरच. कचेरीत दाद लागली नाही तर ग्राहकांच्या तक्रारींसाठी मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत, आणि तिथे वकील लागत नाही. त्या भगिनीच्या बाबतीत आम्ही चौघीजणी अर्ज घेऊन गेलो, पेटीतून १,५०० रुपये भरले, बाकीचे तीन हप्ते करून घेतले. पाचव्या दिवशी दिवा लागला. मुलगी पास झाली, आता नर्सिंगला जायचे म्हणते.

काटकसरीचे मी थोडक्यात सांगते, कारण डाळ भिजवून शिजवावी आणि कुकरला शिट्टी आली की आच मंद करावी, हे मी तुम्हांला काय शिकवायचे! काटकसरीवर व्याख्याने देणाऱ्यांनी आमच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात एक दुपार काढावी असे मला नेहमी वाटते. पारा ४२ अंशांवर आणि वर तापलेला पत्रा, अशात पंखा बंद करा म्हणून सांगायचे कोणाला? मात्र एक हिशेब माझ्या मुलाने मांडून दाखविला तो सांगण्याजोगा आहे. जुना पंखा ७५ वॅटचा. दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला जवळजवळ ३४ युनिटे खातो. नव्या पद्धतीचा, बीएलडीसी म्हणतात तो, ३० वॅटचा, तेवढ्याच वेळात साडेतेरा युनिटे. वीस युनिटे वाचली. म्हणजे स्वस्त टप्प्यातही शंभराच्या वर रुपये, आणि शंभराच्या वरची युनिटे असतील तर सव्वादोनशेच्या आसपास. पण तो पंखा अडीच-तीन हजारांना. पुन्हा तेच! ज्याच्याजवळ एकदम पैसे आहेत त्याचे बिल कमी होते, ज्याच्याजवळ नाहीत तो महाग वीज जाळतो.

सौरवीजेचेही तसेच काहीसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना निघाली. घराच्या छपरावर पत्रे बसविण्यासाठी १ किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकाला ७८,००० रुपये अनुदान. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटे मिळतात, म्हणजे आपल्यासारख्या घराचे भागते. २०२५ मध्ये राज्याने शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्या गरीब घरांसाठी त्यावर आणखी भर घालण्याचे ठरविले. दारिद्र्यरेषेखालील घराला १७,५०० रुपये. ज्यांचे स्वतःचे स्लॅबचे घर आहे त्यांनी अवश्य चौकशी करावी. आपल्या सोलापुरात ऊन काही कमी नाही! पण ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याचे, त्यांनी काय करावे याचे उत्तर त्या कागदांत मला सापडले नाही.

म्हणून मी पेटीकडे येते. आज बोलायला उभी राहिले ती खरे म्हणजे याचसाठी.

आपल्या ३४ भगिनी दरमहा ५० रुपये टाकतात. काहीजणी मागेपुढे करतात, तरी तीन वर्षांत ५४,६५० रुपये जमले. तेच पैसे फिरून फिरून ११२ वेळा दिले गेले. टाकीसाठी ९०० पर्यंत, बिलासाठी १,५०० पर्यंत. व्याज नाही. परतफेड आठवड्याला शंभर, म्हणजे शनिवारी मजुरी झाली की बाई माझ्या दारावरून जाताना देऊन जाते. सरकारची सवलत येते ती टाकी घेतल्यावर. आपली पेटी टाकी घेण्याआधी उपयोगी पडते. दोन्हींत एवढाच फरक आहे, पण ज्या घरात रात्रीचा स्वयंपाक अडला आहे तिथे तो फार मोठा फरक आहे.

आज तीनजणींकडे मिळून ४,१०० रुपये येणे आहे. त्यावरून गेल्या सभेत बरीच बोलाचाली झाली. काहीजणींचे म्हणणे, यापुढे दोन जामीन घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एक वहिनी म्हणाल्या, "फुकट खाणाऱ्यांना आपण घाम गाळून का द्यावे?" त्यांचे म्हणणे मी उडवून लावीत नाही. त्या स्वतः सकाळी पाच वाजता उठून डबे करतात, त्यांच्या पन्नास रुपयांत घाम आहेच. पेटी बुडाली तर उद्या कोणालाच काही मिळणार नाही, हेही खरे.

पण त्या तिघी कोण आहेत ते पाहा. एकीचा नवरा यंत्रमागावर होता, माग बंद पडला आणि ते बिऱ्हाड भिवंडीला गेले. तिने दिवाळीत पाचशे रुपये पाठविले, म्हणजे ती विसरलेली नाही. दुसरी गेले चार महिने दवाखान्यात खेपा घालते आहे. तिसऱ्या आपल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी, ज्यांना कोणी नाही. यांतली फुकट खाणारी कोणती?

आणि जामिनाचे म्हणाल तर माझा विरोध आहे. जामीन मागायचा म्हणजे त्या बाईने आधी दोन घरी जाऊन सांगायचे की, माझी शेगडी थंड आहे. माझ्या दारी ती येते ती बहुधा दिवेलागणीला, पदराखाली वाटी घेऊन, साखर मागायला आल्यासारखी. मी तिला आत घेते, वहीत लिहिते, आणि कोणाला सांगत नाही. कार्यकारी मंडळाला मी आकडे दाखविते, नावे अध्यक्षबाईंखेरीज कोणालाही नाही. जामीन आला की हे सगळे चव्हाट्यावर. मग ती यायचीच नाही. ती पुन्हा चुलीवर जाईल, नाहीतर महिन्याला शेकडा दहाने पैसे देणारे आपल्या गल्लीत आहेतच, त्यांच्याकडे जाईल. पेटी मग भरलेली राहील आणि कुलूपही चांगले राहील.

माझी सूचना अशी आहे. वहीत दोन पाने करावीत. एक उसने, दुसरे मदत. ज्या बायका कमावत्या आहेत त्यांचे उसने, ते फेडलेच पाहिजे, आणि त्यासाठी दार ठोठवायला मी स्वतः जाईन, त्याची मला लाज नाही. ज्या एकट्या म्हाताऱ्या आहेत, अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांना वर्षाला दोन टाक्यांपर्यंत मदतीच्या पानावर द्याव्यात आणि परत मागू नयेत. मदतीच्या पानासाठी दर वर्धापनदिनाला वेगळी थाळी फिरवावी. आज भेटवस्तूंवर आणि हारांवर मंडळाने ३,८०० रुपये खर्च केले आहेत, तेवढ्यात चार टाक्या आल्या असत्या. हे बोलले म्हणून अध्यक्षबाईंनी राग मानू नये, त्यांच्या गळ्यात मीच मघाशी हार घातला. आणि पंख्यासाठी म्हणून दरसाल पाच भगिनींना अडीच हजार रुपये उसने द्यावेत, त्यांनी बिलात वाचलेल्या पैशांतून ते फेडावेत. हे जमेल की नाही ते मला ठामपणे सांगता येत नाही. एक वर्ष करून पाहू.

यावर निर्णय येत्या मासिक सभेत व्हायचा आहे. तेव्हा नुसते "तुम्ही ठरवाल ते" असे न म्हणता यावे आणि हात वर करावा, जामिनाच्या बाजूने असला तरी.

आणखी एक. या शुक्रवारी दुपारी चार वाजल्यापासून मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांचे पैसे येत नाहीत त्यांनी गॅसचे पुस्तक, आधार कार्ड आणि घरात असतील तितकी सगळी बँकेची पुस्तके आणावीत, जुनी, फाटकी, विसरलेली सुद्धा. ज्यांची बिलाची तक्रार आहे त्यांनी मागच्या सहा महिन्यांची बिले आणावीत. कॉलेजातल्या दोन मुली मोबाइल घेऊन येणार आहेत. अक्काही येणार आहेत. ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत त्यांनी त्यांच्याजवळ बसावे.